सहा गोलांची पाटी

आमच्या दुकानात जिंकलेल्यांची नावे कोरली जातात. चषकांच्या बैठकीवर, ढालींच्या पोटावर, पदकांच्या पाठीवर मी गेली आठ वर्षे लोकांचे विजय उतरवतो आहे. पितळ हा समजूतदार धातू आहे. कोरणी चालवली की तो जरा कुरकुरतो, पण नाव कोणाचे आणि ते खऱ्याचे की खोट्याचे हे विचारत नाही. इतक्या वर्षांत पराभवाची पाटी करून द्या असे म्हणत कोणीही पायरी चढले नव्हते. या हिवाळ्यात तशी पाटी आली, आणि तिचा कागद आमच्या मालकांनीच माझ्यापुढे ठेवला. पराभव माझ्या सख्ख्या भावाचा होता.

बावीस वर्षे खालच्या गटात कुजत पडलेला आमचा फुटबॉल क्लब यंदा वरच्या गटात गेला. आनंदाच्या भरात क्लबच्या कचेरीने ठरवले की मैदानाच्या मोठ्या फाटकाच्या खांबावर एक पितळी पाटी लावायची, ज्या सामन्याने क्लबचे भाग्य पालटले त्या सामन्याची. तो सामना कोणता, हे ठरवण्याचे काम समर्थक संघाकडे सोपवले. हा निर्णय ज्याने घेतला तो समर्थक संघाला मुळीच ओळखत नसावा, किंवा पुरता ओळखून असावा.

समर्थक संघ म्हणजे कागदावर अनेक माणसे आणि प्रत्यक्षात तीन. अध्यक्ष मास्तर, त्यांनी अर्ध्या गावाला गणित शिकवले आणि उरलेल्या अर्ध्याला नापास केले. उपाध्यक्ष ड्रायव्हरकाका, तीस वर्षे बस हाकून त्यांना अशी सवय झाली आहे की इंजिन बंद असतानाही ते इंजिनावर मात करीत बोलतात. आणि चिटणीस आमचे मालक. बैठक रविवारी दुपारी, बंद दुकानाच्या मागच्या खोलीत, माझ्या कामाच्या टेबलाभोवती भरे. मी कोपऱ्यात पॉलिश करीत बसलेला असे. हातात काम असलेल्या माणसाला कोणी मत विचारत नाही, आणि मला तेच सोयीचे वाटते.

संघात एक जुनी प्रथा आहे. प्रत्येक सभासदाकडे तिकिटांची वही असते. फाटकावर तिकीट फाडून अर्धे आपल्या हाती परत मिळते. घरी येऊन ते वहीत डकवायचे आणि बाजूला तारीख घालायची. ज्यांना बायकोच्या वाढदिवसाची तारीख सांगता येत नाही, त्यांच्या वह्यांत पंधरा वर्षांपूर्वीच्या बरोबरीत सुटलेल्या सामन्याची तारीख वेळेसकट सापडते. या वहीच्या जोरावर मास्तरांनी वार्षिक सभेत ठराव मांडला की पाटीच्या तळाशी तो सामना मैदानात बसून पाहिलेल्या सभासदांची नावे यावीत, आणि ज्याच्या वहीत तिकीट त्याचेच नाव. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या सभेत एकमत झालेली ती शेवटची गोष्ट.

"यात वाद कसला?" पहिल्या रविवारी मास्तर म्हणाले. "दोन शून्यानं मागे होतो आणि तीन-दोननं जिंकलो, तो सामना. परगावचा. सहा तास उभ्यानं गेलो होतो मी."

"आपल्यातलं आणखी कोण गेलं होतं?" मालकांनी विचारले.

"आणखी कोण कशाला? मी गेलो होतो."

"म्हणजे पाटीवर एकच नाव. तुमचं."

"आता नियम आहे, त्याला मी काय करू?" मास्तरांनी एखादे दुःख सोसावे तसे खांदे पाडले.

ड्रायव्हरकाकांनी टेबलावर थाप मारली. माझ्या पट्ट्या उडाल्या. "अहो, त्यांचे दोन गडी रेफरीनं बाहेर काढले होते! नऊ जणांसमोर माझी सासूसुद्धा तीन गोल मारील, तेही गुडघ्याचं दुखणं सांभाळून. खरा सामना उपांत्य फेरीचा. बस चढावर बंद पडली. पोरं शेवटचे तीन किलोमीटर पळत गेली. अंगं तापलेली! पाच मिनिटांत दोन गोल. आजवर एकानं तरी विचारलं का, ती बस बंद कोणी पाडली?"

"तुम्ही पाडलीत?"

"पडली. पण माझ्या हातून पडली ना!"

"आणि सामना कुठून पाहिलात? तुमचं डोकं तर बॉनेटखाली होतं."

"आवाज ऐकला मी. तीन किलोमीटरवर ऐकू आला."

"वहीत तिकीट आहे?"

"ड्रायव्हरला कोण तिकीट काढायला लावतं?"

"मग बसत नाही नियमात," मास्तर म्हणाले. हातात लाल पेन नव्हते, एवढीच काय ती उणीव होती.

मालकांचा सामना यंदाचा शेवटचा, वर जाण्यावर शिक्कामोर्तब करणारा. त्या दिवशी चषक त्यांच्या हस्ते दिला गेला होता. चषकावरची अक्षरे माझी होती, पण हस्ते त्यांचे होते. मास्तरांनी तो सामना उडवून लावला. "ते उत्तर झालं हो. उत्तर आणि रीत यात फरक असतो. आपण रीत शोधतोय." खरे कारण हे की त्या दिवशी मास्तर तापाने फणफणले होते आणि ड्रायव्हरकाका व्याह्यांकडे जेवायला गेले होते. ज्या सामन्याला आपण नव्हतो त्याने कोणाचे भाग्य पालटावे हे दोघांनाही शोभून दिसत नव्हते.

असे तीन रविवार गेले. प्रत्येक जण आपापला सामना छातीशी धरून बसला होता. क्लब गेला खड्ड्यात, आपले नाव पितळेत उतरले पाहिजे, एवढीच तिघांची समान श्रद्धा होती. मी घासत होतो. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटले ते लिहायला बसलो तर आमच्या दुकानातले पितळ पुरणार नाही. पण मनातल्या मनात शूर असणे हा माझा जुना धंदा आहे.

चौथ्या रविवारी पाटीचे अनावरण आठ दिवसांवर येऊन ठेपले आणि मालक घायकुतीला आले. "तिघांच्या वह्या काढा," ते म्हणाले. "ज्या सामन्याचं तिकीट तिघांकडेही आहे असा एक तरी सामना असेलच ना? तोच घेऊन टाकू."

वह्या उघडल्या गेल्या. बोटे थुंकीने ओली होऊन पाने उलटू लागली. गेल्या दहा वर्षांत तिघेही मैदानात हजर होते असे सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले, आणि त्यातले बहुतेक शून्य-शून्य बरोबरीचे. शेवटी मास्तरांचे बोट एका तारखेवर थांबले.

"नऊ वर्षांपूर्वीचा. आपण तिघंही होतो. शून्य-सहा."

माझ्या हातातले फडके थांबले.

तो सामना मला वहीत पाहावा लागत नाही. त्या दिवशी गोलात माझा दादा होता. पहिला गोल कोणत्याही गोलरक्षकावर झाला असता. दुसरा त्याच्या दोन पायांमधून गेला. तिसऱ्यात त्याने हाती आलेला चेंडू स्वतःच आत टाकला, जणू तो त्याला भाजला. त्यानंतर दोन हजार माणसे एका सुरात 'चाळणी, चाळणी' म्हणू लागली, आणि त्या तालावर उरलेले तीन गोल झाले. पुढच्या सरावाला गोलाच्या खांबाला कोणीतरी पीठ चाळायची खरी चाळणी टांगून ठेवली होती. दादाने ती काढली, घरी आणली आणि वहिनीला दिली. घरातली फाटली होती, म्हणाला.

"हरलेला सामना?" ड्रायव्हरकाका म्हणाले. "आणि तोही चाळणीचा?" मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. "मनाला लावून घेऊ नकोस हं. आपली जुनी थट्टा. ती चाळणी मीच टांगली होती, तुला ठाऊक आहे ना? आमच्या हिच्या स्वयंपाकघरातली! महिनाभर बोलत नव्हती माझ्याशी."

पण मास्तरांचे डोळे चमकू लागले होते. आयुष्यभर त्यांनी चुकीच्या उत्तरापासून सुरुवात करून बरोबर रीत शोधून काढली होती. आता त्या कौशल्याचे चीज होत होते. "थांबा. हरलो, म्हणूनच. त्या पराभवानंतर आपण बहिष्काराचा ठराव केला. गोलरक्षक बदलत नाहीत तोवर एकही समर्थक मैदानात पाऊल ठेवणार नाही. त्या धड्यानं क्लब सुधारला. पुढचे अकरा सामने आपण हरलो नाही. म्हणजे भाग्य कुठे पालटलं? शून्य-सहाला!"

"अरे वा," मालक म्हणाले. "आणि तिघांची नावं बसतात."

"तिघांचीच कशाला? त्या दिवशी चौदा सभासद होते. सगळे बसतात."

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. इतक्या सुंदर तोडग्यापुढे क्लबच्या इतिहासातला सर्वांत लाजिरवाणा दिवस हा किरकोळ तपशील ठरला. मास्तरांनी तिथल्या तिथे मजकूर लिहिला आणि मालकांनी तो माझ्यापुढे ठेवला. 'या सामन्यात आपल्या गोलरक्षकाने सहा गोल स्वीकारले. त्या अपमानातून समर्थक जागृत झाले आणि त्यांच्या निर्धाराने क्लबचे भाग्य पालटले.'

"नाव नाही घातलं," मास्तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "नुसतं गोलरक्षक. तुझ्या भावाचा मान राखलाय." मग त्यांना काहीतरी आठवले. "अरे, त्या दिवशी तूही होतास की! आमच्याच खालच्या ओळीत. वहीत तिकीट असेल तुझ्या. मग तुझंही नाव घाल. पंधरावं. संकोच करू नकोस, नियम सगळ्यांना सारखा."

मी मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ हो असा होता की नाही असा, हे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. कागद घडी घालून खिशात ठेवला आणि बाहेर पडलो.

होय, मी होतो. अठरा वर्षांचा होतो, आणि आजूबाजूच्या माणसांना मी कोणाचा भाऊ हे कळू नये म्हणून धडपडत होतो. दोन हजार माणसे ओरडत असताना एकट्याने ओठ मिटून बसणे किती उठून दिसते, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी ओठ हलवले. आवाज काढला नाही, नुसते हलवले. ते तीन जण ओरडले, प्याले, विसरले आणि आता त्यावर पाटी लावायला निघाले. मी निदान विसरलो नाही, असे मी स्वतःला सांगत आलो आहे. मला त्यांच्याहून बरा ठरवणारी एवढीच गोष्ट माझ्यापाशी आहे, आणि ती फार कमी आहे.

घरी दादा मालगोदामातून आला होता आणि पायरीवर बसून बूट सोडत होता. खांदा निकामी झाल्यावर त्याने खेळ सोडला, त्याला आता सात वर्षे झाली. तो पेट्या उतरवतो. दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरून उतरवतो, एकही पडत नाही, असे त्याचा मुकादम सांगतो. माझी पुतणी ठकू शेजारी बसून त्याच्या बुटांच्या नाड्यांशी खेळत होती. तिची शाळा मैदानाच्या पलीकडे आहे. रोज दोनदा ती त्या मोठ्या फाटकाखालून जाते.

"काका, फाटकावर काय लिहिणार आहेत?" तिने विचारले. "शाळेत सगळे म्हणतात तूच लिहिणार."

"ठरायचंय अजून."

"आमच्या वर्गातला तो कुरळ्या म्हणतो, तुझ्या बाबांना चाळणी म्हणतात. का म्हणतात हो बाबा?"

आतून भांड्यांचा आवाज बंद झाला. वहिनी ऐकत होती. दादाने दुसरा बूट काढला. "चाळणीतून खाली पडतं ते पीठ," तो म्हणाला. "वर काय उरतं?"

"कोंडा."

"हं. तो कोंडाच फार बोलतो. जा, पाणी आण मला."

ती आत गेली. दादाने माझ्याकडे पाहिले आणि काही विचारले नाही. न विचारण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. मी माझ्या खोलीत गेलो, खिशातला कागद पुन्हा वाचला, आणि पेटीच्या तळातून माझी वही काढली. शून्य-सहाचे तिकीट तिच्यात होते. त्याच्या पुढच्या पानावर आणखी एक होते, क्रमांक सातचे.

ते बहिष्काराच्या पहिल्या सामन्याचे. बुधवारची दुपार, अंगाला बोचणारा वारा, आणि हजारो रिकाम्या खुर्च्या. सात तिकिटे फाटली होती. शेजारच्या गावातली दोन माणसे, एक म्हातारे जोडपे, चहाच्या टपरीवालीचा नवरा, वर्तमानपत्राचा एक कंटाळलेला माणूस आणि सर्वांत वरच्या ओळीत टोपी डोळ्यांवर ओढलेला मी. त्या दिवशी मी पहिल्यांदा मैदानात माझ्या भावाचा आवाज ऐकला. 'डावीकडे', 'माझा', 'सोड', असे छोटे, स्वच्छ शब्द. गर्दीखाली इतकी वर्षे ते दबून गेले होते. चेंडू बुटाला लागतो तेव्हा कपाट बंद केल्यासारखा आवाज येतो, हेही तेव्हाच कळले. ऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, त्यांना. दादा रेषेवर उभा राहिला. कोणी काही ओरडले नाही, कारण ओरडायला कोणी नव्हते. तो उजवीकडे पडला आणि चेंडू त्याच्या तळहातांत इतक्या शांतपणे येऊन राहिला की रेफरीलाही पुढे पळण्याचे भान उरले नाही. सात माणसांच्या टाळ्या पत्र्यावर पडणाऱ्या तुरळक थेंबांसारख्या वाजल्या. पाच मिनिटांनी कॉर्नरवरून आमचा गोल झाला. एक-शून्य. सामना संपल्यावर दादाने गोलाचा खांब दोनदा थोपटला आणि कोणाकडेही न बघता आत गेला. मी मागच्या दाराने निघालो. तिथे मी होतो हे त्याला कधी सांगितले नाही. सांगितले असते तर त्याच्या आधीच्या आठवड्याचेही सांगावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी दुकानात मालकांनी पितळाचा पत्रा कापून ठेवला होता. मी तो घासून ठेवला, पण कोरणी लावली नाही. मंगळवारी दुपारी मास्तर आणि ड्रायव्हरकाका पाटी कुठवर आली हे पाहायला आले.

"अजून कोरीच?" मास्तर म्हणाले. "अक्षरं मोठी घे हं. चालताचालता वाचता आली पाहिजेत."

मी वही टेबलावर ठेवली. "मास्तर, एक विचारू?"

तिघेही चमकले. टेबल बोलले असते तरी एवढे चमकले नसते.

"शून्य-सहानंतर आपण अकरा सामने हरलो नाही, म्हणालात. त्यातल्या पहिल्याला तुम्ही होता?"

"कसे असणार? बहिष्कार होता."

"दुसऱ्याला?"

"चार सामने बहिष्कार होता. इतिवृत्तात आहे. आम्हा तिघांच्या सह्या आहेत."

"आणि ते चारही आपण जिंकलो."

"आमच्या बहिष्काराचा धसका घेऊन!"

"म्हणजे तुम्ही आला नाहीत म्हणून जिंकलो," मी म्हणालो.

ड्रायव्हरकाका मोठ्याने हसले. मग ते कोणावर हसले हे त्यांच्या ध्यानात आले आणि इंजिन बंद पडावे तसे ते थांबले.

"आणि गोलरक्षक बदललाच नव्हता," मी म्हणालो. एकदा गाडी उतारावर लागल्यावर मलाच थांबता येईना. "तोच होता. अकराही सामन्यांत तोच होता. पहिल्यात त्यानं पेनल्टी अडवली. हे तिकीट. क्रमांक सात. पाटी लावायची तर या सामन्याची लावा. नियमात बसतो."

मालकांनी तिकीट उचलून उजेडात धरले, नाणे खोटे आहे का ते पाहावे तसे. "सात प्रेक्षक? अरे, याला सामना म्हणतात? याला सराव म्हणतात."

"तक्त्यात त्याचे गुण आहेत."

"गुण असतील," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरची कीव होती. "पण बाळा, जो सामना कोणी पाहिलाच नाही त्यानं भाग्य कसं पालटेल?"

हे वाक्य मी पुष्कळ दिवस जपून ठेवणार आहे. आमच्या गावचा एक हुशार माणूस, चाळीस वर्षे मुलांना सिद्धता शिकवून, इथवर पोहोचला होता.

"मग मी ही पाटी कोरणार नाही," मी म्हणालो. "दुसऱ्या दुकानातून करून घ्या."

मालकांचा चेहरा पडला. त्यांचा स्वतःचा हात आता थरथरतो; दाराची साधी पाटीसुद्धा त्यांना सरळ येत नाही. आणि क्लबची पाटी दुसऱ्या दुकानातून करून आणली, हे पाटीवाल्या चिटणिसाने कोणाला कसे सांगायचे? "तुला काय वाटतं, तुझ्यावाचून अडलंय?" ते म्हणाले. अडले होते, हे चौघांनाही दिसत होते. मी फडके घडी घालून बाजूला ठेवले.

शेवटी ड्रायव्हरकाकांनी डोके खाजवले आणि त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी तडजोड सुचवली.

"सामन्याचं राहू द्या हो तूर्त. नावं तर ठरलीत ना? नावं कोरायला हरकत नाही ना तुझी?"

मास्तरांनी विचार केला. "वर शीर्षक, खाली नावं. मधला तपशील मागाहून भरता येईल."

"जागा सोडून ठेवू," मालक म्हणाले. त्यांच्या जिवात जीव आला.

मी त्या तिघांकडे पाहिले. एकाच्याही चेहऱ्यावर लाज नव्हती. उलट ओझे उतरल्याचे समाधान होते. ज्यासाठी चार रविवार घसा फोडला ते बाजूला टाकताच त्यांना कळले की ते त्यांना कधी नकोच होते. माझी हरकत नव्हती. मी चौदा नावे कोरली, सुबक, एकसारखी, मास्तरांचे सर्वांत वर. पंधरावे कोरले नाही. वर लिहिले: 'ज्या सामन्याने आपल्या क्लबचे भाग्य पालटले'. आणि दोन्हींच्या मध्ये चार बोटे पितळ कोरे ठेवले. त्या चार बोटांना मी दोन दिवस पॉलिश केले. माझ्या हातून इतके स्वच्छ काम आजवर झाले नव्हते.

रविवारी अनावरण झाले. पडदा सरला, टाळ्या वाजल्या. लोक जवळ जाऊन आपापली नावे शोधू लागले, आणि ज्यांची नव्हती ते नियमाला शिव्या देऊ लागले. मधली जागा कोरी का, असे एकानेही विचारले नाही. मास्तरांनी तीत पाहून मफलर नीट केला. ड्रायव्हरकाकांनी दात पाहिले.

सोमवारी सकाळी मला दुकानात लवकर जायचे होते. दादा ठकूला शाळेत सोडायला निघाला, म्हणून बरोबरच निघालो. फाटकाशी ती थांबली आणि मोठ्याने वाचू लागली. नावांशी आली तेव्हा अडखळली, परत वर गेली.

"काका, तू सामना लिहायचा विसरलास."

दादाने पाटीकडे पाहिले. इतकी वर्षे तो त्या फाटकातून मान खाली घालून जात असे. आज तो उभा राहिला आणि त्या कोऱ्या पितळात त्याचा चेहरा दिसत होता, खांद्यापर्यंत.

"विसरला नाही तो," दादा म्हणाला. "त्या दिवशी असंच होतं. मोकळं."

"तुम्ही होता त्या सामन्यात?"

"गोलात होतो."

"मग काय झालं?"

"पेनल्टी झाली. मी धरली." त्याने दोन्ही तळहात पुढे करून दाखवले, पेटी उतरवताना धरतो तसे. ठकूने आपले दप्तर त्या हातांत टाकले. त्याने ते धरले.

"कोणी पाहिलं?"

"सात जणांनी. सगळ्यात वरच्या ओळीत तुझा काका होता, टोपी घालून." माझ्याकडे न बघताच तो बोलत होता. "मैदानातून सगळं दिसतं गं. लोकांना वाटतं दिसत नाही. कोण कुठे बसलंय, कोणाचे ओठ हलतायत, सगळं."

शाळेची घंटा झाली. ठकू दप्तर ओढून घेऊन पळाली, आणि तिच्यामागून लांब टांगा टाकीत दादा निघाला. मी फाटकाशी उभा राहिलो. सात जणांच्या सामन्यात कोणी ओठ हलवले नव्हते.